खालून बघायची विमानं

गोव्यात सगळे समुद्रावर जातात. आम्ही मात्र ऐन बारा वाजता बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाच्या विमान संग्रहालयात उभे होतो आणि बायको माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती तिचं वर्णन न केलेलं बरं. मुलं एका हेलिकॉप्टरपाशी रमली होती. मी फलक वाचत होतो. आणि मामा, वय चौसष्ट, सकाळीच गुडघ्यांच्या नावानं ओरडून झालेलं, तो सुपर कॉन्स्टेलेशनच्या इंजिनाखाली उकिडवा बसून मान वर करून काहीतरी शोधत होता.

पहारेकरी लगबगीनं आला. "आजोबा, काही पडलं का तुमचं?"

"नाही. गळतंय का बघतोय."

त्या विमानात शेवटचं तेल पडल्याला तेव्हा वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली असतील. पहारेकऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी नुसते हात जोडले. मामा आणखी दहा मिनिटं तसाच बसला. मग माझ्या खांद्याचा आधार घेत उठला, बोटाला लागलेली काजळी हुंगली, पँटला पुसली आणि म्हणाला, "आमच्या गावाला होतं हे."

खरंच होतं. सुपर कॉन्स्टेलेशन हे तसं राजेशाही प्रकरण. पाठीत बाक असलेलं, पाण्यात सूर मारणाऱ्या माशासारखं अंग आणि मागे एकाऐवजी तीन शेपट्या. पन्नासच्या दशकात एअर इंडियाचे बडे प्रवासी यातून लंडनला जायचे. जेट आल्यावर ही विमानं वायुदलाकडे गेली आणि सहा नंबरच्या स्क्वाड्रनबरोबर पुण्यात, लोहगावला राहिली. पुढे १९७६ मध्ये समुद्रावरच्या टेहळणीचं काम नौदलाकडे आलं तशी काही गोव्याला गेली. त्यातलंच एक इथे उभं आहे. फलकावर एवढं सगळं असतं. मामाचा फलक वेगळा. एका इंजिनाला अठरा सिलिंडर, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, अशी चार इंजिनं. म्हणजे १४४ प्लग. "एकशे चव्वेचाळीस," मामा बायकोला उद्देशून म्हणाला, कारण मघापासून ऐकणारी तीच एकटी होती. "आणि बदलताना शेवटच्या प्लगाला हात पोचत नाही. कधीच पोचत नाही. चार इंजिनांवर निघायचं आणि तिनांवर घरी यायचं, असं होतं हे बेणं."

बायको हसली. गोव्याची ट्रिप वाचली.

*

लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, आणि माझंही. या दोन गोष्टी एका वाक्यात सांगायची सवय मामाकडूनच लागली. ब्रिटिशांनी १९३९ साली तिथे विमानतळ केला, पण मामाचा दावा असा की लोहगावच्या माणसाला विमान मुळीच नवीन नाही. तुकोबांना न्यायला देहूला जे विमान आलं ते लोहगावच्या माळावरून वळसा घेऊनच गेलं असणार, भाचा शेवटचा आजोळावरून गेल्याशिवाय राहील काय. कीर्तनकार बुवांसमोर तो हे बोलायचा नाही. आमच्यासमोर मात्र दर बीजेला.

चीनच्या युद्धानंतर वायुदलाची भरती निघाली. मॅट्रिक झालेला मामा इंजिन फिटर म्हणून गेला आणि देशभर पाठवतील म्हणून आजीनं महिनाभर रडून घेतलं. एक-दोन ठिकाणं झाल्यावर बदली कुठे झाली, तर लोहगाव. घरापासून सायकलनं पंधरा मिनिटं. बाकीच्या पोरांना पुणं म्हणजे चैन वाटायची. मामाला मात्र ड्यूटी संपल्यावर गोठ्यातलं शेणही काढावं लागायचं.

माझं लहानपण यापुढचं. मी मे महिन्याच्या सुट्टीत जायचो तेव्हा लोहगावावरून कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमानं जायची. आजीची म्हैस त्या आवाजाला इतकी सरावलेली होती की विमान गेलं तरी रवंथ थांबायचं नाही; पाहुण्यांची मात्र वाटी सांडायची. १९८७ मध्ये मिग-२९ आली आणि आवाजाची जातच बदलली. आधी उजेडासारखं काहीतरी सरकून जायचं आणि मग मागून आभाळ फाटायचं. आता तिथे सुखोई आहेत, म्हशी नाहीत, आणि त्याच धावपट्टीवरून निम्मं आयटी पुणं दिल्ली-बंगळूरला जातं. विमाननगरच्या बाराव्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करतात तेव्हा मामा म्हणतो, "नाव वाचूनच फ्लॅट घेतला होता ना?"

पण मामाचं खरं विमान ना कॅनबेरा, ना कॉन्स्टेलेशन. मामाचं विमान म्हणजे लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बफेकी.

थंडीत पहाटे साडेपाचला काम सुरू व्हायचं. लिबरेटरच्या इंजिनात चौदा सिलिंडर दोन ओळींत, गोल मांडलेले, दिव्याच्या आरासेसारखे. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून तळाच्या सिलिंडरांत जमतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर तेलावर आपटून आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हातानं फिरवायचा. दोन-तीन पोरांनी एक पातं खाली ओढायचं, सोडून बाजूला व्हायचं, पुढच्यांनी पुढचं पातं. एकानं मोठ्यानं मोजायचं. मध्येच अडकलं तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढून तेल सोडायचं. चार इंजिनं झाली की अंगातली थंडी पळालेली. मग उजाडायचं, मग गाडीतून वैमानिक यायचे, आणि मग ते विमान वैमानिकांचं व्हायचं.

"ते काय करायचे?" मी लहानपणी विचारलं होतं.

"सही," मामा म्हणाला. फॉर्म ७०० नावाचं एक रजिस्टर असतं. आधी फिटरांनी सह्या करायच्या की आम्ही अमुक तमुक बघितलं, मग वैमानिकानं सही करून विमान ताब्यात घ्यायचं. "आमची सही आधी. लक्षात ठेव."

ही विमानं पुण्यात आली कशी, ती गोष्ट तो रंगवून सांगायचा. पुढे वाचून खात्री केली तेव्हा कळलं की त्यानं ती फारशी फुगवलेली नव्हती, आणि मामाच्या बाबतीत हे विशेष. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं अठरा हजारांवर लिबरेटर बनवली. त्यातली काही उसनवारीच्या करारानं ब्रिटिशांना मिळाली होती. युद्ध संपलं, करार सांगत होता की परत द्या नाहीतर निकामी करा. परत कोण नेतो? कानपूरला आणून तिथल्या मैदानात ती ठोकून, मोडून टाकून दिली. पावसात गवत वाढलं. १९४८ च्या सुमाराला भारताकडे एकही अवजड बॉम्बफेकी विमान नव्हतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी हे भंगार जाऊन बघितलं. एकाचा पंख, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याचं इंजिन असं करत, जेमतेम उडेल एवढंच एकेक विमान तिथे जुळवलं आणि ते उडवत बंगळूरला नेलं. तिथे नीट उघडून पुन्हा बांधलं. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली, आणि १९६८ च्या अखेरपर्यंत उडत राहिली. तोवर जगातल्या बाकी सगळ्या वायुदलांनी लिबरेटर कधीच निवृत्त केली होती.

"कानपूरचा माल," मामा म्हणायचा. आतून बघितलं की ओळखू यायचं. एका पत्र्यावरच्या रिवेटांची ओळ सरळ आणि शेजारच्या पत्र्यावर जरा वेगळ्या हाताची.

*

मी भोसरीच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. गिऱ्हाइकं बाहेरदेशची, त्यामुळे वर्ष-दीड वर्षानं कुठेतरी जावं लागतं. लोक रविवारी मॉल बघतात. मी विमानं बघतो, आणि गोव्याच्या त्या दुपारपासून खालून बघतो. म्हणजे फलक नंतर. आधी वाकून चाकांचे कप्पे, नळ्या कुठून कुठे गेल्यात, सेफ्टी वायर कोणत्या दिशेला पिळली आहे, कुठे ठिगळ आहे. खूप वेळा पहारेकरी येतो. खूप वेळा पाठ धरते.

स्टुटगार्टला काम होतं तेव्हा तासाभरावरच्या झिन्सहाइमला गेलो. तिथल्या संग्रहालयाच्या छपरावर, रस्त्यावरून जाणाऱ्यांना लांबूनच दिसतील अशी, कॉन्कॉर्ड आणि रशियाचं तुपोलेव १४४ शेजारी शेजारी नाक वर करून ठेवलेली आहेत. आवाजाहून वेगानं प्रवासी नेणारी जगात दोनच विमानं झाली, आणि दोन्ही एकत्र बघायची तर इथेच यावं लागतं. जिन्यानं वर चढून आत जाता येतं. विमान तिरकं ठेवलेलं असल्यामुळे आतली जमीन चढाची; सिंहगडाचा शेवटचा टप्पा चढल्यासारखं पुढे वाकून चालावं लागतं. कॉन्कॉर्ड आतून इतकं अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. खिडक्या पासपोर्टएवढ्या. तिकिटाला लाखो रुपये मोजणारे लोक आपल्या एशियाडहून थोड्याच मोठ्या जागेत बसत होते, हे बघून उगाच बरं वाटलं.

तुपोलेव आधी उडालं, १९६८ च्या अगदी शेवटच्या दिवशी. कॉन्कॉर्ड दोन महिन्यांनी, मार्च १९६९ मध्ये. पण कॉन्कॉर्ड २००३ पर्यंत चाललं आणि तुपोलेवनं प्रवासी घेऊन जेमतेम ५५ फेऱ्या केल्या. आमच्या कारखान्यात याला 'सॅम्पल पास, लॉट फेल' म्हणतात.

कॉन्कॉर्डची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट उंचीची नाही की वेगाची नाही. आवाजाच्या दुप्पट वेगात हवेच्या घर्षणानं त्याचं अंग इतकं तापायचं की ते जवळजवळ वीतभर लांब व्हायचं. कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी एक फट उघडायची, खाली आलं की मिटायची. काही कॉन्कॉर्डच्या शेवटच्या फेरीत इंजिनिअरांनी त्या फटीत आपली टोपी सरकवून ठेवली. विमान थंड झालं, फट मिटली, टोपी आतच. आता ते विमान पुन्हा तापणार नाही. हे मी मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "नवी टोपी भरून द्यावी लागते रे स्टोअरला."

*

वॉशिंग्टनला राइट बंधूंचं विमान बघायला गेलो तेव्हा काचेपलीकडच्या त्या लाकूड-कापडाच्या सांगाड्यापुढे लोक देवळात उभे राहतात तसे उभे होते. १७ डिसेंबर १९०३. पहिली झेप १२ सेकंदांची, १२० फूट. चौथी ५९ सेकंद, ८५२ फूट. नंतर वाऱ्याच्या झोतानं विमान कोलांटलं, मोडलं, आणि पुन्हा कधीच उडालं नाही. वरचं कापडही आता मूळचं नाही, दोनदा बदललंय.

मी इंजिन शोधत होतो, कारण मला चार्ली टेलर शोधायचा होता. हा राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातला कामगार. मोटारीच्या कारखान्यांकडे हलकं इंजिन मागून झालं, कुणी देईना. तेव्हा चार्लीनं दुकानातल्या एका लेथवर आणि एका ड्रिलवर सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन केलं. बारा हॉर्सपॉवर. क्रँकशाफ्ट कशी केली तर पोलादाच्या एका ठोकळ्यावर आकार आखला, कडेनं भोकं पाडली, छिन्नी-हातोड्यानं नको तो भाग तोडला आणि उरलेलं लेथवर चढवलं. मी रोज क्रँकशाफ्टचे मायक्रॉन मोजणारा माणूस. मला तिथे घाम फुटला. हा चार्ली म्हातारपणी हलाखीत दिवस काढून १९५६ मध्ये गेला. आज अमेरिकेत जुन्या-जाणत्या विमान मेकॅनिकना त्याच्या नावानं सन्मान देतात, पण त्या काचेसमोरच्या गर्दीत किती जणांना त्याचं नाव ठाऊक असेल, कोण जाणे. मी शेजारच्या एका सरदारजींना सांगितलं. त्यांनी विनम्रपणे मान हलवली आणि सेल्फी काढला.

त्या विमानाचीही एक रुसव्याची गोष्ट आहे. ज्या स्मिथसोनियन संस्थेनं ते आज एवढं जपलंय, तिचे तेव्हाचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली यांचं स्वतःचं विमान राइटांच्या आधी नऊ दिवस पोटोमॅक नदीत पडलं होतं. पुढे १९१४ मध्ये त्यात भरपूर बदल करून ते जरासं उडवून दाखवलं गेलं आणि संस्थेनं फलक लावला की माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं विमान हेच. ऑर्व्हिल राइटचं डोकं फिरलं. त्यानं आपलं विमान १९२८ मध्ये उचलून थेट लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. १९४२ मध्ये संस्थेनं चूक कबूल केली. विमान परत येऊन संस्थेत मांडलं गेलं ते १९४८ च्या डिसेंबरात, तोवर ऑर्व्हिल वारला होता. म्हणजे फलकही खोटे बोलतात. फलकावर बदल करायला दोन ओळी लागतात, पण कुणीतरी वीस वर्षं रुसून बसावं लागतं.

इथे तळपद्यांचा विषय काढावाच लागतो, कारण मी विमानांवर काही लिहिलं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तासाभरात तो येतोच. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर राइटांच्या आधी विमान उडवलं, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. मलाही लहानपणी ऐकून छाती फुगली होती. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा आधार सांगतात ते विसाव्या शतकात सांगून लिहून घेतलेलं. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी त्यातल्या आकृत्या तपासल्या आणि ही विमानं उडूच शकत नाहीत, असं सांगितलं. तळपदे खटपट्या माणूस असणार, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ग्रुपवर भांडण लागलं तेव्हा मामानं एकच मेसेज टाकला: "इंजिन कुठंय?" दोन दिवस शांतता होती.

वॉशिंग्टनच्या त्याच संस्थेचं दुसरं, अवाढव्य दालन शहराबाहेर डलस विमानतळाजवळ आहे. तिथे डिस्कव्हरी अंतराळयान आहे, आणि हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं 'एनोला गे' आहे. ते इतकं लखलखीत पुसलेलं आहे की पत्र्यात आपला चेहरा दिसतो. मी सवयीनं खाली वाकलो, बॉम्बच्या कप्प्याची बंद दारं दिसली, आणि लगेच उठून उभा राहिलो. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

*

आपल्याकडे जपणं नाही असं सरसकट म्हणायची फॅशन आहे, आणि मी पुणेकर असल्यामुळे ती मला चटकन येते. पण बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालय आहे. काका केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दाराच्या कड्या जमवल्या. तलवारी सगळेच जमवतात. सुपारी कातरायचं हत्यार जमवायला वेगळी नजर लागते. विमानांच्या संग्रहालयात मी नेहमी हे शोधतो आणि मला ते फार कमी वेळा सापडतं. विमान असतं, वैमानिकाची जाकिटं आणि पदकं असतात. पण ज्यानं शेवटच्या प्लगाला हात पोचवला त्याचा वाकवून घेतलेला पाना कुठे आहे?

घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३ ठेवलंय. पुणेकरांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं स्मारक, त्यामुळे तिथे जायला मला आपल्या वाड्यात गेल्यासारखं वाटतं. मामाला मी तिथे नेतो, तो एक फेरी मारतो, वाकणं आता जमत नाही म्हणून काठीनं पोट दाखवतो आणि मला वाकायला लावतो. मागे सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा टीव्हीवर चंदीगडचा निरोपसमारंभ चालू होता. बासष्ट वर्षं. त्यातली कितीतरी आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनली. आता ती गावोगावच्या चौकांत चबुतऱ्यांवर चढतील. चढू देत. अशा एका गावातलं चबुतऱ्यावरचं विमान मी बघितलंय. एका पंखावर नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला, आणि इंजिनाच्या तोंडात साळुंक्यांचा संसार. मामाला फोटो दाखवला. फ्लेक्सबद्दल तो काही बोलला नाही. "साळुंक्या बऱ्या," म्हणाला, "निदान रोज डीआय करतात." डीआय म्हणजे डेली इन्स्पेक्शन.

आणि विक्रांत. १९६१ ते १९९७ सेवा केलेली, ७१ च्या युद्धात जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं पूर्व पाकिस्तानातल्या बंदरांवर गेली ती विमानवाहू नौका. मुंबईत तिचं संग्रहालय होतं, शाळेच्या सहलीबरोबर मुलगी जाऊन आली होती. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि दोन वर्षांनी नौका मोडीत निघाली. त्या लोखंडातलं थोडं आमच्या आकुर्डीच्या बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये त्यातून मोटरसायकल काढली. आमच्या सोसायटीत एकाकडे आहे. मामा घरी आला की खाली पार्किंगमध्ये त्या गाडीच्या टाकीवर हात ठेवून जरा उभा राहतो. गाडीवाल्या मुलाला वाटतं आजोबांना घ्यायची आहे. दोनदा ॲव्हरेज सांगून झालं.

*

लंडनला गेलो ते भाचीकडे. रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय हेंडनला आहे, कॉलिनडेल स्टेशनला उतरायचं, प्रवेश फुकट. तिथे लँकेस्टर हे महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान आहे, नाकावर १३७ मोहिमांच्या खुणा रंगवलेल्या. मी त्यापुढे उभा राहून १३७ पहाटांचा हिशोब करत होतो, आणि मग तिथल्याच लिबरेटरसमोर आलो.

ते जसं आहे तसं सांगतो. सुंदर नाही. कॉन्स्टेलेशनचा बाक नाही, लँकेस्टरचा रुबाब नाही. सपाट बाजूंचा खोका, त्यावर ११० फूट लांब निमुळते पंख, मागे दोन पत्र्यांची शेपटी. पोटाची दारं वाण्याच्या दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत वर जाणारी. हे मामानं मला पन्नास वेळा सांगितलं होतं आणि मी ते अतिशयोक्ती समजत होतो. आत त्या दारांच्या मधून जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी, तिच्यावरून पुढून मागे जायचं. मामा तिथून एकदा तेलाच्या डब्यासकट घसरला होता, त्याचा व्रण अजून हनुवटीवर आहे.

त्याच्या अंगावरच्या खुणा ब्रिटिश वायुदलाच्या. पण हे विमान ब्रिटिशांकडे राहिलं १९४५ च्या आगेमागे, थोडाच काळ. मग कानपूरचं मैदान. मग बंगळूर. मग वीस वर्षं भारतीय वायुदल, शेपटीवर एचई ८०७ हा नंबर, सहा नंबरची स्क्वाड्रन, पुणे. १९७४ मध्ये भारतानं ते ब्रिटनला भेट दिलं आणि भारतीय वैमानिक ते उडवत तिकडे घेऊन गेले. अमेरिकेतल्या टूसॉनच्या पिमा संग्रहालयातलं लिबरेटर, कॅनडातल्या ओटावाचं, ही सुद्धा आपल्याकडूनच गेलेली. ज्यांनी अठरा हजार बनवली त्यांनी भट्टीत घातली, आणि आज जगात जी मोजकी उरली आहेत त्यातली बरीच उरली ती कानपूरच्या भंगारात कुणी तरी ठिगळं लावली म्हणून, आणि लोहगावात पहाटे साडेपाचला कुणी तरी पंखे फिरवले म्हणून.

रंगाच्या आत दुसरा रंग असणार. मी टक लावून बघत होतो की कुठे तिरंगी चक्राची कड उमटलेली दिसते का. भाची म्हणाली, "मामा, तू ठीक आहेस ना?" तेव्हा लक्षात आलं, मीही आता कुणाचा तरी मामा आहे आणि विमानापुढे विचित्र वागतोय. मग तिनं माझे फोटो काढले. समोरून, नाक आणि मी. बाजूनं, पंख आणि मी. शेपटी आणि मी, हात कमरेवर. मी बावीस फोटो त्याच रात्री मामाला पाठवले. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही.

परत आल्यावर रविवारी लोहगावला गेलो. मामा ओसरीवर चष्मा लावून, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून बसला होता. मामीनं सांगितलं की आठ दिवस तेच चाललंय. शेजारच्यांना दाखवून झालं, दूधवाल्याला दाखवून झालं. त्यानं मला शेजारी बसवलं आणि एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करत गेला. तिसऱ्या नंबरच्या इंजिनाच्या झाकणाशी थांबला. ही क्लिप उलटी लावलीय म्हणाला. मग म्हणाला, नाही, बरोबर आहे, फोटो उलटा आलाय का रे? मग पुढे. चाकं. पुन्हा मागे. बाविसावा फोटो झाल्यावर त्यानं बोटानं आणखी पुढे सरकवून बघितलं. भाचीच्या स्वयंपाकघराचा फोटो आला.

"खालून?"

मी काही बोललो नाही. तिथे दोरी लावलेली होती, हे खरं होतं. पण मी वाकलोच नव्हतो.

"इंजिनाखाली ट्रे ठेवलाय का, एवढंच बघायचं होतं," मामा म्हणाला. त्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, फोन माझ्या हातात दिला आणि मामीला हाक मारली, "अगं, चहा टाक, हा आलाय." मग माझ्याकडे न बघता, "तुझी भाची तिथेच राहते ना? जाईल ती एखाद्या रविवारी."